चौकटीबाहेरची बाटली : हमिंगबर्ड पाहण्याचा एक इतिहास

१८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनाचा उल्लेख व्हिक्टोरियन काळाविषयीच्या बहुतेक पुस्तकांत येतो. त्याच उन्हाळ्यात, त्या स्फटिकमहालापासून काही मैलांवर, रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आणखी एक प्रदर्शन चालू होते. त्याची आठवण आज पक्षिशास्त्राच्या अभ्यासकांपुरतीच उरली आहे. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने आपल्या संग्रहातील हमिंगबर्ड तेथे काचपेट्यांत मांडले होते. प्रवेशशुल्क सहा पेन्स. सुमारे पंच्याहत्तर हजार लोकांनी ते पाहिले, राणी व्हिक्टोरियानेही पाहिले. पाने-फुले, पसरलेले पंख, गळ्यावर लकाकणारे माणिक आणि पाचू, सारे काही तेथे होते. एकही पक्षी जिवंत नव्हता, आणि हे पक्षी मांडणाऱ्या गूल्डने स्वतः तोवर एकही जिवंत हमिंगबर्ड पाहिलेला नव्हता.

१८४९ पासून तो या पक्षिकुलाचा सचित्र ग्रंथ खंडाखंडाने प्रसिद्ध करीत होता. १८६१ साली पूर्ण झालेल्या त्या पाच खंडांत तीनशे साठ चित्रे आहेत. ग्रंथ निम्म्याहून अधिक पुढे गेल्यावर, १८५७ च्या मे महिन्यात, अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील बार्ट्रम उद्यानात त्याला पहिला जिवंत हमिंगबर्ड दिसला. त्याचे उडणे आपल्या कल्पनेहून अगदी निराळे निघाले, एखादे यंत्र जोरकस स्प्रिंगने चालावे तसे ते भासले, असे त्याने पुढे आपल्या प्रस्तावनेत नमूद केले. इतकी वर्षे ज्या पक्ष्याची चित्रे आपण घडवून घेतली, त्याच्या पंखांची गती आपल्याला ठाऊकच नव्हती, हे त्याला त्या दिवशी कळले.

हा प्रसंग केवळ एका संग्राहकाचा गमतीदार किस्सा म्हणून सोडून देऊ नये, असे आम्हांस वाटते. हमिंगबर्ड हा डोळ्यांना न सापडणारा पक्षी आहे. तो जवळ यावा, थांबावा, दिसावा यासाठी माणसाने दर काळी काही ना काही साधन योजले आहे. मात्र जे चित्र शेवटी आपल्यापुढे येते त्यातून ते साधन पुसून टाकलेले असते. आज अमेरिकेतील घरोघरी परसात टांगलेली साखरपाण्याची बाटली, म्हणजे फीडर, हे त्या साधनांपैकी सर्वांत अलीकडचे. साहित्याच्या वाचकाला गाळलेल्या गोष्टी वाचण्याची सवय असते. त्या सवयीने हा इतिहास एकदा वाचून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

*

प्रथम एक खुलासा. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आणि त्यांच्या भोवतीच्या बेटांवर आढळतात. त्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत, आणि त्यांपैकी एकही आपल्याकडे नाही. महाराष्ट्रात जास्वंदीवर किंवा कण्हेरीवर चोच खुपसणारा चिमुकला चकचकीत पक्षी पाहून अनेक जण कौतुकाने ‘हमिंगबर्ड’ म्हणतात. तो असतो शिंजीर. दोघांचे कूळ भिन्न. फुलातील मधुरसावर जगण्याच्या गरजेने दोन्हीकडे वाकडी किंवा लांब चोच, लांब जीभ आणि झळझळणारा रंग स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला. पण शिंजीर बहुधा फांदीला धरून रस पितो, तर हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत पितो. त्याचा खांदा असा वळतो की पंख पुढे येताना आणि मागे जाताना, दोन्ही वेळा, शरीर तोलून धरले जाते. पंखाचे टोक हवेत आडवा इंग्रजी आठाचा आकडा काढते. पूर्व अमेरिकेतील माणिककंठी हमिंगबर्डचे वजन सुमारे तीन ग्रॅम, आणि पंखांची फडफड सेकंदाला पन्नासच्या आसपास. मानवी डोळ्याला तेथे पंख दिसत नाही, धूसर वलय तेवढे दिसते.

भाषांनीही या न दिसण्याशी आपापल्या परीने झुंज दिली आहे. इंग्रजीने आवाज धरला, आणि मराठीत योजला जाणारा ‘गुंजन पक्षी’ हा शब्द त्याच वाटेने आला. पोर्तुगीज भाषेने कृती धरली आणि त्याला फुलांचे चुंबन घेणारा म्हटले. फ्रेंचांनी आकार पाहिला आणि त्याला माशी-पक्षी म्हटले. मेक्सिकोतील अझ्टेक लोकांच्या युद्धदेवतेच्या, विट्झिलोपोच्ट्लीच्या, नावातच हा पक्षी आहे. रणात पडलेले योद्धे चार वर्षे सूर्याची सोबत करून मग हमिंगबर्ड आणि फुलपाखरे होऊन मध पीत हिंडतात, अशी त्यांची श्रद्धा सोळाव्या शतकातील नोंदींत सापडते. या साऱ्या नावांत आणि कथांत पक्षी हलता आहे. युरोपच्या ग्रंथालयांत तो पोहोचला तेव्हा मात्र भाषा बदलली. अठराव्या शतकात ब्यूफाँने आपल्या निसर्गेतिहासात त्याचे वर्णन करताना रत्नांची पेटी उघडली, आणि पुढची शंभर वर्षे पाचू, माणिक, पुष्कराज यांखेरीज या पक्ष्याविषयी कोणी बोलले नाही. रत्नाची उपमा निष्पाप नसते. रत्न खाणीतून काढतात, त्याला पैलू पाडतात, पेटीत ठेवतात, आणि ते कोणाच्या तरी मालकीचे असते.

*

ही उपमा व्यवहारात कशी उतरली, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. १८३५ साली अँड्र्यू मॅथ्यूज या वनस्पती आणि पक्षी गोळा करणाऱ्या माणसाला पेरूच्या उत्तर भागातील डोंगरात एक विलक्षण हमिंगबर्ड मिळाला. नराच्या शेपटीत पिसे चारच, त्यांतील दोन लांब तारेसारखी, आणि त्यांच्या टोकांना जांभळट चकत्या. मॅथ्यूज हे काम लंडनमधील रोपवाटिकेचे मालक जॉर्ज लॉडिजेस यांच्यासाठी करीत होता. पक्ष्याच्या शास्त्रीय नावात लॉडिजेस आला. मॅथ्यूज १८४१ साली पेरूमध्येच वारला. त्यानंतर कित्येक वर्षे हा पक्षी युरोपला त्या एका कातड्यावरूनच ठाऊक होता. दुसरा नमुना मिळावा म्हणून गूल्डने इनाम देऊ केले होते.

इतर जातींची कातडी मात्र ढिगाने येत. कोलंबियाच्या राजधानीतून निघणाऱ्या मालाला ‘बोगोटा कातडी’ असे सरसकट नाव होते. पक्षी कोणत्या दरीत, कोणत्या उंचीवर, कोणी फुंकनळीने पाडला, याची नोंद नसे. चिठ्ठीवर शहराचे नाव असे, आणि लंडनच्या काचपेटीत पोहोचेपर्यंत तीही चिठ्ठी गळून पडे. गूल्डच्या चित्रांत मग त्याच पक्ष्यांच्या पंखांवर सोन्याचा वर्ख, त्यावर पारदर्शक रंग, आणि भोवती टवटवीत फुले येत. पारध्याचा हात, कातडे सोलणारी सुरी आणि जहाजाची पेटी यांपैकी काहीही चित्रात उरत नसे. हे चित्रकाराचे कपट होते असे आम्ही म्हणत नाही. चौकट आखली की काही आत राहते आणि काही बाहेर, एवढेच म्हणतो.

आणि तरी याच गूल्डच्या हातून एक वेगळी गोष्ट घडली. अमेरिकेतून परतताना त्याने काही जिवंत हमिंगबर्ड जाळीच्या कापडाच्या छोट्या पिशवीत ठेवले आणि एका लहान बाटलीतून त्यांना साखरेचा पाक पाजला. ते ती सवय चटकन शिकले. जहाज ब्रिटनच्या किनाऱ्याजवळ येईपर्यंत ते तगले. एकच पक्षी लंडनला पोहोचला, आणि दुसऱ्या दिवशी तोही मेला. १८८१ मध्ये गूल्ड वारल्यावर त्याचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने घेतला. त्यात पाच हजारांहून अधिक हमिंगबर्ड होते. त्या हजारोंच्या शेजारी ही एक बाटली अगदी क्षुल्लक दिसते. पण पुढचा इतिहास तिचा आहे.

*

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्ष्यांची कातडी संग्रहालयांतून टोप्यांवर आली. स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे, पंख, कधी अख्खे पक्षी टाचण्याची फॅशन युरोप-अमेरिकेत फोफावली, आणि लंडनच्या लिलावांत हमिंगबर्डची कातडी घाऊक विकली जाऊ लागली. १८८६ साली फ्रँक चॅपमन या तरुण पक्षिनिरीक्षकाने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर दोन वेळा फेरफटका मारून टोप्या मोजल्या. सातशे टोप्यांपैकी पाचशे बेचाळीसांवर पिसे होती, आणि त्यांत त्याने चाळीस जातींचे पक्षी ओळखले. पक्षिनिरीक्षणाची इतकी भेदक नोंद दुसरी क्वचितच सापडेल. १८९६ साली बॉस्टनमध्ये हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी पिसे न वापरण्याची शपथ घेणाऱ्या स्त्रियांना एकत्र करून मॅसॅच्युसेट्सची ऑडुबॉन सोसायटी उभी केली. १९०० चा लेसी कायदा आणि १९१८ चा स्थलांतरी पक्ष्यांविषयीचा कायदा ही त्या चळवळीची फळे होत.

याच मॅसॅच्युसेट्समध्ये, अ‍ॅमहर्स्ट गावी, एमिली डिकिन्सनने १८७९ च्या सुमारास ‘अ रूट ऑफ इव्हॅनेसन्स’ ही आठ ओळींची कविता लिहिली. तिने ती अनेकांना पत्रांतून पाठवली, आणि एका पत्रात तिचा उल्लेख ‘हमिंगबर्ड’ असा केला. मात्र कवितेच्या आत पक्ष्याचे नाव कोठेही नाही. आहे ती जाण्याची वाट, गती, रंगाची झेप, आणि मागे हललेली फुले. पक्षी चौकटीबाहेर ठेवून त्याचा माग तेवढा चौकटीत ठेवायचा, अशी ही रचना आहे. गूल्डच्या काचपेटीत नेमके उलटे होते. तेथे पक्षी पूर्ण हजर होता आणि त्याचे जाणे पूर्णपणे नाहीसे झाले होते. त्याच काळातील चित्रकार मार्टिन जॉन्सन हीड या दोहोंच्या मध्ये उभा दिसतो. १८६३ साली तो हमिंगबर्डची चित्रे काढण्यासाठी ब्राझीलला गेला. ‘जेम्स ऑफ ब्राझील’ हा त्याचा संकल्पित ग्रंथ निघालाच नाही, नावात मात्र रत्ने होतीच. १८७१ पासून त्याने ऑर्किडची फुले आणि हमिंगबर्ड यांना धुकाळलेल्या जंगलात शेजारी शेजारी बसवणारी चित्रे केली. उतारवयात फ्लोरिडात राहताना तो हमिंगबर्डना साखरपाणी पाजून माणसाळवीत असे. त्याच्या एकाही प्रसिद्ध चित्रात साखरपाणी नाही.

बाटलीला छापील शब्द मिळाला तो १९०० साली. चॅपमननेच आदल्या वर्षी सुरू केलेल्या ‘बर्ड-लोअर’ या नियतकालिकात मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइन गावच्या कॅरोलिन सोल यांनी एक छोटा मजकूर लिहिला. जाड कागदाचे, ट्रम्पेट वेलीच्या फुलासारखे रंगवलेले फूल करून त्यांनी त्यात साखरपाण्याची चिमुकली बाटली बसवली होती, आणि हमिंगबर्ड त्यावर आले होते. ज्या राज्यात चार वर्षांपूर्वी टोपीवरचा पक्षी नाकारला गेला, तेथेच आता त्याला कागदी फुलाने बोलावले जात होते. पक्षी आपल्याकडे आणण्यासाठी त्याला मारण्याची गरज नाही, ही जाणीव आज साधी वाटते. त्या पिढीला ती मिळवावी लागली.

*

१९२८ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात मार्गारेट बोडाइन यांचा हमिंगबर्डच्या सहवासातील सुट्टीविषयीचा लेख आला. तो वाचून बॉस्टनच्या लॉरेन्स वेब्स्टर यांनी आपल्या पत्नीसाठी काचेचा फीडर योजला आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तो फुंकवून घेतला. त्याच संस्थेत हॅरल्ड एजर्टन विद्युत्‌झोताचा स्ट्रोबोस्कोप विकसित करीत होते. सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका अल्प काळ टिकणारा झोत पाडला, की चालते यंत्र थिजल्यासारखे दिसे. न्यू हॅम्पशायरमधील होल्डरनेस येथे मे रॉजर्स वेब्स्टर यांच्या घराभोवती बाटल्यांवर हमिंगबर्ड गर्दी करीत. एजर्टन आपली उपकरणे घेऊन तेथे गेले. एकाच प्रयोगशाळेतून निघालेली काच आणि वीज एका परसात भेटली, असे म्हणता येईल. १९४७ साली ती छायाचित्रे ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये प्रसिद्ध झाली, आणि १९५० मध्ये वेब्स्टरच्या रचनेचा फीडर बाजारात आला.

गूल्डला जे दिसले नव्हते ते आता कागदावर आले. वळलेला पंख, त्याचे प्रत्येक पीस, मागे झुकलेला खांदा. यानंतर ड्यूपाँ या रसायन कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी झोतदिव्यांचे ओझे घेऊन दक्षिण अमेरिकेपर्यंत प्रवास केले, आणि १९६० साली त्यांचे ‘हमिंगबर्ड्‌स’ हे पुस्तक निघाले. रत्नाच्या उपमेला शास्त्रीय उत्तरही त्याच वर्षी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. गळ्याचा लाल किंवा हिरवा हा रंगद्रव्याचा रंग नव्हे. पिसांतील हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असलेल्या चपट्या कणांच्या थरांतून प्रकाश परावर्तित होताना तो निर्माण होतो. पक्ष्याने मान किंचित वळवली की माणिक विझते आणि गळा काळा पडतो. रंग पक्ष्यात नाही, पक्षी आणि पाहणारा यांच्यामधल्या कोनात आहे. सोन्याच्या वर्खाने गूल्ड जे कायमचे धरू पाहत होता, ते मुळात न टिकणारेच होते.

मग छायाचित्राचे काय? तेही थिजवतेच. सेकंदात पन्नासदा हलणाऱ्या पंखाचे जे रूप कोणत्याही डोळ्याने कधी पाहिले नाही, ते स्थिर करून आपल्या हाती देते. ही नवी काचपेटीच आहे, असे कोणी म्हणेल. या आक्षेपात तथ्य आहे, आणि आजच्या पद्धती पाहिल्या की ते वाढते. हमिंगबर्डच्या नामांकित छायाचित्रांपैकी अनेकांमागे ठरलेली मांडणी असते. फीडर टांगून पक्ष्यांना सवय लावायची. मग तो काढून त्याच जागी फूल ठेवायचे आणि फुलात पिचकारीने साखरपाणी भरायचे. मागे रंगवलेला पडदा, भोवती चार-सहा फ्लॅश. पक्षी येतो, आणि दाट जंगलातील निर्जन क्षण टिपल्यासारखे चित्र तयार होते. हीडच्या ऑर्किडची ही थेट वारस आहे, फक्त छायाचित्र म्हणून ती अधिक विश्वासाने वाचली जाते. बाटली पुन्हा चौकटीबाहेर.

तरीही काचपेटी आणि छायाचित्र एकच, हे आम्ही मान्य करणार नाही. काचपेटीतला पक्षी आणखी कोठे नसतो. छायाचित्रातला पक्षी पुढच्या क्षणी उडालेला असतो, आणि पाहणाऱ्याला ते ठाऊक असते. शिवाय बाटली चौकटीच्या आत घेतली की ज्ञानही वाढते, याचा पुरावा आहे. हमिंगबर्डची जीभ केशनलिकेप्रमाणे रस वर खेचते, असे एकोणिसाव्या शतकापासून मानले जात होते. २०११ साली अलेहान्द्रो रिको-गेवारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी पारदर्शक फीडरमधून पिणाऱ्या पक्ष्यांचे अतिवेगवान चित्रण केले. रसात शिरताच जिभेची दोन टोके उलगडतात आणि बाहेर येताना मिटून द्रव पकडतात, असे दिसले. बाटली लपवण्याऐवजी तिच्यातूनच पाहिले, म्हणून हे कळले.

*

बाटलीने केवळ पाहणे बदलले नाही, पाहिलेलेही बदलले. पेरूमध्ये मॅथ्यूजला सापडलेला तो चार पिसांचा हमिंगबर्ड आज उत्तर पेरूतील वेम्बो येथील राखीव क्षेत्रात फीडरवर येतो, आणि जगभरचे छायाचित्रकार त्यासाठी तेथे जातात. त्या भागात एके काळी नराचे हृदय कामोत्तेजक मानून त्याला गलोलीने मारीत. आता त्याच्या येण्यावर स्थानिकांचे काही उत्पन्न आणि जंगलाच्या एका तुकड्याचे रक्षण अवलंबून आहे.

अ‍ॅनाच्या हमिंगबर्डची कथा अधिक गुंतागुंतीची. १८२९ साली फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लेसनने संग्रहातील नमुन्यावरून या जातीला रिव्होलीच्या उमरावाची पत्नी अ‍ॅना हिचे नाव दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी हा पक्षी बाहा कॅलिफोर्निया आणि दक्षिण कॅलिफोर्नियापुरता वीण करीत असे. बागांतली परदेशी झाडे, विशेषतः निलगिरी, आणि घरोघरचे फीडर यांच्या आधाराने तो उत्तरेस सरकत कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत पोहोचला. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आणखी पुढची गोष्ट दाखवली. काही पिढ्यांत, फीडर दाट असलेल्या भागांत, या पक्ष्याची चोच अधिक लांब आणि निमुळती झाली आहे. आपल्या स्वयंपाकघरातील साखरेने पक्ष्याच्या देहावर लिहिले आहे.

हे कळले कसे, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. अभ्यासकांनी जुन्या वृत्तपत्रांतून फीडरच्या प्रसाराचा माग काढला, आणि चोची मोजल्या त्या संग्रहालयांच्या खणांत ठेवलेल्या जुन्या कातड्यांच्या. ज्या मृत संग्रहांचा निषेध करून परसातली बाटली जन्मली, त्याच प्रकारच्या संग्रहाने बाटलीची साक्ष काढली. मरण वाईट आणि साखरपाणी चांगले, अशी सरळ वाटणी हा इतिहास करू देत नाही. खणातल्या पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी असेल, तर तो आज बोलतो. बोगोटाच्या चिठ्ठीहीन कातड्याला असे बोलता येत नाही. नोंद ठेवली की पुसून टाकली, हा फरक दोन्हीकडे निर्णायक ठरतो.

म्हणूनच या पक्ष्याचे एखादे निर्दोष छायाचित्र समोर आले की चौकटीच्या कडेपलीकडे काय आहे, हे विचारावे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकीही अनेकांच्या खिडकीबाहेर आज फीडर असतो आणि त्याची छायाचित्रे इकडच्या नातलगांपर्यंत पोहोचतात. त्या चित्रामागे एक भाग पांढरी साखर आणि चार भाग पाणी असे साधे मिश्रण असते. त्यात लाल रंग घालायचा नसतो आणि मधही नाही. उन्हाळ्यात पाणी आंबते, बुरशी धरते आणि पक्ष्याला अपाय करते, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी बाटली उतरवून, ब्रशने घासून, धुऊन पुन्हा भरावी लागते. कोणत्याही छायाचित्रात न दिसणारे हे धुणे त्या पक्ष्याशी आपण केलेल्या कराराचा भाग आहे, आणि हा करार एकदा केल्यावर मोडण्याचा अधिकार आपल्यालाच आहे, त्याला नाही.